माजी विद्यार्थ्यांची वाटचाल नोंदवताना: कुणाला विचारावे, काय छापावे, काय राखून ठेवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण विद्यापीठाच्या एका विज्ञान विभागात नुकतेच सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाला आहात. विभागाला पन्नास वर्षे पूर्ण होत असल्याने माजी विद्यार्थ्यांच्या कारकिर्दीतील आणि आयुष्यातील महत्त्वाच्या टप्प्यांची नोंद देणारे वार्तापत्र काढायचे ठरले आणि ते काम आपल्याकडे आले. आपण गूगल फॉर्म तयार करून व्हॉट्सॲपच्या सगळ्या गटांवर पाठवला, पुन्हा आठवणही करून दिली. तरी उत्तरे मोजकीच आली आणि जी आली त्यांत परदेशातील नोकऱ्या, बढत्या आणि पुरस्कार यांचाच भरणा आहे. विभागप्रमुखांचे म्हणणे असे की निवडक पन्नास यशस्वी विद्यार्थी घेऊन विषय संपवावा. प्रतिसाद कसा वाढवावा, काय छापावे आणि काय टाळावे, आणि याच अंकात देणगीचे आवाहन घालावे का, असे आपण विचारले आहे.

एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी संघाचे वार्तापत्र मी बऱ्याच वर्षांपासून संपादित करत आले आहे, त्या अनुभवावरून लिहिते. त्यातले काही आपल्याला लागू पडणार नाही. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी व्यवसायाच्या निमित्ताने एकमेकांच्या संपर्कात राहतात, तर विज्ञान आणि कला शाखांच्या पदव्युत्तर विभागांतील विद्यार्थी दोन वर्षे एकत्र असतात आणि नंतर चारही दिशांना पांगतात. विभागात जुने कर्मचारी अजून आहेत का, जुनी नोंदवही जागेवर आहे का, यावरही बरेच अवलंबून राहील.

माझ्या मते आपल्या अडचणीचे मूळ फॉर्ममध्ये विचारलेल्या प्रश्नांत आहे. सध्याचे पद, संस्थेचे नाव, उल्लेखनीय कामगिरी, मिळालेले पुरस्कार, अशा चौकटी आपण दिल्या असतील, कारण बहुतेक सगळेच त्या देतात. आता तो फॉर्म कुणासमोर उघडला जातो, याचा विचार करावा. नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन, पीएच.डी. मिळवून वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारा आपला माजी विद्यार्थी 'सध्याचे पद' या चौकटीपाशी थांबतो. स्पर्धा परीक्षेची दोन-तीन वर्षे हातची गेल्यावर घरची शेती पाहणारा थांबतो. लग्नानंतर गाव बदलले, मुले लहान होती, म्हणून नोकरी सोडलेली आणि आता खासगी शिकवणी घेणारी विद्यार्थिनी थांबते. हे तिघेही विभागाविषयी आपुलकी बाळगणारे असतात, गटावर आलेला प्रत्येक जुना फोटो पाहतात, परंतु 'उल्लेखनीय कामगिरी' हे शब्द वाचल्यावर आपल्याकडे लिहिण्याजोगे काही नाही असे ठरवून मोकळे होतात. ज्याला बढती मिळाली आहे तो मात्र त्याच दिवशी फॉर्म भरतो. म्हणजे आपल्याकडे आलेली उत्तरे विभागाचे चित्र दाखवत नाहीत. फॉर्मने कुणाला बोलावले आणि कुणाला परत पाठवले, एवढेच ती दाखवतात.

म्हणून प्रश्न बदलावेत. मी चार विचारते. आपण सध्या कोठे राहता? दिवसाचा बराचसा वेळ कोणत्या कामात जातो? विभाग सोडल्यापासून किंवा मागच्या नोंदीपासून आयुष्यात काय बदलले? आणि वर्गमित्रांना आपल्याविषयी काय कळले तर आपल्याला आवडेल? यांपैकी चौथा प्रश्न सर्वांत उपयोगी ठरतो, कारण त्याच्या उत्तरात पदापेक्षा वेगळ्या गोष्टी येतात: गावात सुरू केलेली माती परीक्षणाची प्रयोगशाळा, चाळिशीनंतर पुन्हा सुरू केलेले संशोधन, आईच्या आजारपणात घरी काढलेली वर्षे, ग्रामपंचायतीची निवडणूक. पद विचारायचेच असेल तर शेवटी विचारावे आणि ते ऐच्छिक ठेवावे.

विभागप्रमुखांच्या पन्नास जणांच्या यादीविषयी मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपल्याला त्यांच्याशी बोलताना आधार लागेल. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची आणि त्याची बी.ए. झालेली पहिली तुकडी १८६२ सालची. त्या तुकडीत चार जण होते: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. पहिली दोन नावे शाळकरी मुलांनाही माहीत असतात, उरलेली दोन इतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे फारशी कुणाला ठाऊक नाहीत. निवडक यशस्वी विद्यार्थ्यांची यादी करणारा संपादक मोडक आणि वागळे यांना सहज गाळेल. परंतु १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला, त्याच्या कामात हे चौघेही होते. मोडक हे शाळेत शिकवणारे आणि वागळे हे वकील. त्यांना वगळले तर रानडे आणि भांडारकर कुणाच्या सोबतीने काम करत होते, हेच वाचकाला कळत नाही.

याच तुकडीची १८९३ सालची नोंद कशी झाली असती पाहा. त्या वर्षी काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचे निधन झाले. ते याच विद्यापीठाचे पदवीधर, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. त्यांच्यानंतर रानडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि भांडारकर कुलगुरू झाले. या दोन नियुक्त्या सुट्या छापल्या तर त्या दोन अभिनंदनाच्या बातम्या होतात. तेलंगांच्या निधनाच्या नोंदीशेजारी छापल्या तर एका विद्यापीठाने घडवलेल्या पिढीचे एकमेकांत गुंतलेले आयुष्य दिसते. माजी विद्यार्थ्यांच्या नोंदींची खरी किंमत या शेजारामुळे वाढते आणि शेजार हवा असेल तर सगळ्यांना जागा द्यावी लागते.

तरीही विभागप्रमुखांना नाराज करून काम पुढे जाणार नाही, हे मी जाणते. त्यांची यादी सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत स्वतंत्र विभाग म्हणून द्यावी आणि वार्तापत्र सर्वांसाठी खुले ठेवावे, असा प्रस्ताव मांडून पाहा. शिवाय एक व्यावहारिक मुद्दा त्यांना पटण्यासारखा आहे. उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या परिषदेच्या मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग आणि विद्यार्थ्यांची पुढील प्रगती यांची वेगवेगळी माहिती मागितली जाते. ती कोष्टकात, पुराव्यांसह द्यावी लागते आणि वार्तापत्रातील मजकूर त्या कामाला पुरत नाही. आयक्यूएसी म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षासाठी एक फाइल आणि वार्तापत्रासाठी दुसरी फाइल असे पहिल्या दिवसापासून ठेवले, तर कोष्टक भरण्याच्या घाईत नोंदींचा कस जात नाही आणि नोंदींतील गोडव्यामुळे कोष्टकात चुकीचे आकडेही शिरत नाहीत.

आता माणसे शोधण्याविषयी. अमेरिकेतील जुन्या विद्यापीठांत हे काम वर्गवार चालते. प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी विद्यार्थ्यांचे नियतकालिक १९०० साली सुरू झाले आणि त्यात प्रत्येक वर्षाच्या तुकडीचा एक चिटणीस आपल्या वर्गमित्रांच्या बातम्या गोळा करून लिहीत आला आहे. हार्वर्डमध्ये दर पाच वर्षांनी वर्गाचा अहवाल निघतो आणि त्यात प्रत्येकाने स्वतःविषयी स्वतः लिहिलेले असते. दोन्ही पद्धतींत विद्यापीठाचे कार्यालय मध्यस्थ राहते, प्रत्यक्ष विचारपूस वर्गमित्र करतो. आपल्याकडेही हेच चालते, फक्त चिटणीस योग्य निवडावा लागतो. तुकडीतील सर्वांत मोठ्या पदावरील माणसाला हे काम देऊ नये. तो होकार देतो, पण त्याला वेळ नसतो आणि त्याच्यापुढे आपली परिस्थिती सांगायला इतरांना संकोच वाटतो. ज्याच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात, जो प्रत्येकाच्या घरच्या कार्याला जातो, कुणी रुग्णालयात असल्याचे ज्याला आधी कळते, तो किंवा ती आपला प्रतिनिधी. प्रत्येक तुकडीत असे कुणीतरी असतेच आणि गटाचा ॲडमिन बहुधा दुसराच कुणीतरी असतो.

ज्या जुन्या तुकड्यांचा गटच नाही, त्यांच्यासाठी कागदाकडे वळावे. विभागाची प्रवेशाची नोंदवही, पदवीप्रदान समारंभांच्या याद्या, निरोप समारंभाचे फोटो आणि त्यांच्या मागे लिहिलेली नावे, जुन्या नियतकालिकांतील गुणवंतांची पाने हे सगळे कामाला येते. त्याहून अधिक कामाला येतात ते निवृत्त प्रयोगशाळा परिचर आणि कार्यालयातील लिपिक. प्राध्यापकांना हुशार विद्यार्थी आठवतात, परिचरांना सगळे आठवतात. त्यांना मुद्दाम बोलावून, चहा देऊन, जुना फोटो समोर ठेवून बसावे आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे. मात्र ते सुगावा म्हणून वापरावे, छापण्याजोगी माहिती म्हणून नव्हे.

या शोधात विद्यार्थिनी सर्वाधिक हरवतात आणि त्याचे कारण आपल्याकडील नावांच्या रीतीत आहे. लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलते; मग नोंदवहीतील मुलगी आणि आज फेसबुकवर असलेली बाई एकच आहे हे यंत्राला कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. कमला सोहोनी यांचे उदाहरण घ्या. मुंबई विद्यापीठातून १९३३ साली बी.एस्सी. झालेली, नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेली आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवणारी ही विद्यार्थिनी त्या सर्व काळात कमला भागवत होती. सोहोनी हे आडनाव १९४७ सालच्या विवाहानंतरचे. ज्याला हे माहीत नाही, तो विद्यापीठाच्या जुन्या यादीत सोहोनी शोधत बसेल आणि रिकाम्या हाताने परतेल. म्हणून फॉर्ममध्ये 'पदवीच्या वेळचे पूर्ण नाव' आणि 'आज वापरत असलेले नाव' असे दोन रकाने सर्वांसाठी, पुरुषांसाठीही, ठेवावेत आणि छापताना दोन्ही नावे द्यावीत. एवढ्या एका बदलाने प्रतिसादात फरक पडलेला मी पाहिला आहे, कारण वर्गमैत्रिणी एकमेकींना जुन्याच नावाने ओळखतात आणि जुने नाव दिसल्यावर कळवतात.

माणूस कोणत्या वर्षाखाली घालावा, हाही प्रश्न आपल्यापुढे लवकरच उभा राहील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, १९१५ साली एम.ए. झाले, १९१६ साली तेथून लंडनला गेले आणि त्यांना कोलंबियाची पीएच.डी. मिळाली ती १९२७ साली. याच विद्यापीठाने १९५२ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. चार-पाच वर्षे समोर असताना तुकडी कोणती धरायची? मी पहिल्या प्रवेशाचे वर्ष मुख्य मानते, कारण माणूस ज्यांच्याबरोबर बाकावर बसला ते त्याचे वर्गमित्र. पदव्यांची वर्षे नावापुढे ओळीने देते. पीएच.डी.बाबत मात्र विशेष सावध राहावे. मौखिकी झाल्याचा दिवस, विद्यापीठाची अधिसूचना निघाल्याचा दिवस आणि पदवीप्रदान समारंभ या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वर्षांत पडू शकतात. अधिसूचनेची तारीख धरावी आणि सर्वांसाठी तीच धरावी. सन्माननीय पदवी मिळालेले पाहुणे हे विद्यापीठाचे माजी विद्यार्थी होत नाहीत. त्यांची नावे यादी भारदस्त करण्यासाठी घालण्याचा मोह कुणी सुचवला तर नम्रपणे नाकारावा.

पडताळणीकडे वळते, कारण वार्तापत्राची विश्वासार्हता येथेच टिकते किंवा जाते. पत्ता, छंद, प्रवास, नातवंडे यांची माहिती माणसाच्या शब्दावर छापावी. पद, पदवी आणि पुरस्कार यांची माहिती मात्र त्या माणसाखेरीज दुसऱ्या एका ठिकाणाहून पाहिल्याशिवाय छापू नये. संस्थेचे संकेतस्थळ, नियुक्तिपत्राची प्रत, निकालाची अधिसूचना यांपैकी काहीही चालेल. आपल्या राज्यात एक चूक वारंवार होते. राज्य लोकसेवा आयोगाच्या अंतिम यादीत नाव आले की गावात फलक लागतात आणि गटावर 'तहसीलदार झाले' अशी बातमी फिरते. परंतु आयोग करतो ती शिफारस; शासनाचा नियुक्तीचा आदेश, प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष रुजू होणे हे पुढचे टप्पे आहेत आणि त्यांत बराच काळ जाऊ शकतो. म्हणून 'निवडीसाठी शिफारस', 'नियुक्ती' आणि 'रुजू' हे तीन शब्द नेमके वापरावेत. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागासाठी त्यांची नेमणूकही झाली; त्या आजारी अवस्थेत मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ते काम त्यांच्या हातून होऊ शकले नाही. 'कोल्हापूरच्या रुग्णालयात काम केले' असे ढिलाईने लिहिणारा खोटी माहिती देतो आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दुःखद गोष्टही पुसून टाकतो.

पुरस्कारांच्या बाबतीत मी अधिक कठोर आहे. नोंदणी शुल्क घेऊन 'राष्ट्रीय गौरव' किंवा 'आंतरराष्ट्रीय संशोधक' अशी सन्मानचिन्हे देणाऱ्या संस्था सध्या पुष्कळ आहेत आणि आपल्या उत्तरांतही त्या दिसतील. पुरस्कार कोण देतो, निवड कोण करते आणि स्वीकारणाऱ्याला काही रक्कम भरावी लागली का, ही तीन उत्तरे मिळाली नाहीत तर तो छापू नये. मानद डॉक्टरेटचेही तसेच. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा कायद्याने मान्यता दिलेल्या विद्यापीठांना आणि संस्थांनाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, ती एकदा पाहून घ्यावी. मान्य नसलेल्या पदवीच्या जोरावर नावामागे 'डॉ.' लावण्याची विनंती आली, तर 'आमच्या अंकात नावांमागे उपाधी लावत नाही' असा सरसकट नियम करून टाकावा. त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही. खरे डॉक्टर या नियमावर रागावत नाहीत, एवढे मी खात्रीने सांगू शकते.

येथवरचे थोडक्यात सांगायचे तर, साधे प्रश्न विचारावेत, तुकडीतील योग्य माणसाकरवी विचारावेत, दोन्ही नावे घ्यावीत, वर्षाचा एकच नियम ठेवावा आणि मानाच्या गोष्टी तपासाव्यात. एवढे झाले की लिहिण्याचे काम उरते.

नोंद लिहिताना क्रियापद, ठिकाण आणि काळ या तीन गोष्टी असल्या की पुरे. 'आपल्या कर्तृत्वाच्या बळावर गगनभरारी घेत विभागाचे नाव सातासमुद्रापार नेणारे' अशा वाक्यातून काही कळत नाही आणि अशी चार वाक्ये एकाखाली एक आली की सगळी माणसे सारखी दिसू लागतात. त्याऐवजी असे लिहावे: 'अमुक, एम.एस्सी. रसायनशास्त्र, प्रवेश १९९६. औषधनिर्मिती कंपनीत गुणवत्ता नियंत्रणाचे काम सतरा वर्षे केल्यावर आता बार्शीजवळ वडिलांची द्राक्षबाग पाहतात. तालुक्यातील शाळांत शनिवारी विज्ञानाचे प्रयोग करून दाखवतात. मुंबईकडून सोलापूरला जाणाऱ्या वर्गमित्रांनी वाटेत थांबावे, असा निरोप आहे.' हे वाचणारा वर्गमित्र फोन उचलतो. नोंदींचा क्रम प्रवेशाच्या वर्षानुसार, जुन्यापासून नव्याकडे ठेवावा आणि एका तुकडीत अकारविल्हे. पदानुसार क्रम लावण्याची सूचना आली तर ती कोणत्याही परिस्थितीत मान्य करू नये. एकदा सचिव आधी आणि शिक्षक नंतर असा क्रम लागला की पुढच्या अंकाला शिक्षक कळवत नाहीत.

तासिका तत्त्वावरील शिक्षकांची नोंद कशी करावी, हे आपण विचारले नसले तरी सांगते, कारण विज्ञान विभागाच्या यादीत ते बरेच असतील. त्यांना 'प्राध्यापक' म्हणणे चुकीचे आणि 'कंत्राटी' असे लिहिणे त्यांना लागणारे. 'अमुक महाविद्यालयात २०१४ पासून भौतिकशास्त्र शिकवतात' एवढे पूर्ण सत्य आहे आणि कुणालाही कमी लेखणारे नाही. शोधनिबंध असेल तर त्याचा विषय एका वाक्यात द्यावा. ज्यांची नोकरी गेली आहे किंवा जे परीक्षेची तयारी करत आहेत, त्यांच्या बाबतीत ते स्वतः सांगतील तेवढेच आणि त्यांच्याच शब्दांत.

कौटुंबिक टप्प्यांबाबत माझे नियम साधे आहेत. विवाहाची नोंद दोघांच्या संमतीनेच घ्यावी, विशेषतः दोघेही आपल्याच विभागाचे असतील तेव्हा, कारण बातमी कुणाच्या घरी कशी पोहोचेल हे आपल्याला माहीत नसते. अपत्यजन्माची नोंद घ्यावी, पण बाळाचे नाव, जन्मतारीख आणि फोटो देऊ नये. सेवानिवृत्ती, साठी, सहस्रचंद्रदर्शन यांच्या नोंदी आनंदाने घ्याव्यात. जुन्या तुकड्या तेवढ्यासाठीच अंक उघडतात. घटस्फोट, आजार, कौटुंबिक वाद यांविषयी प्रतिनिधीने कितीही तपशील कळवला तरी तो छापू नये. स्वतः त्या व्यक्तीने लेखी कळवले आणि छापण्यास सांगितले तरच विचार करावा आणि छापण्यापूर्वी एकदा फोन करून तिचा विचार कायम आहे का, हे विचारावे.

निधनाच्या नोंदीला मी सर्वाधिक वेळ देते. व्हॉट्सॲपवर आलेल्या श्रद्धांजलीवरून कधीही छापू नये. नामसाधर्म्यामुळे जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली जाण्याचे प्रकार गटांवर नेहमी घडतात. कुटुंबातील एका व्यक्तीशी आणि त्याखेरीज एका वर्गमित्राशी बोलून तारीख, वय आणि ठिकाण पक्के करावे. मृत्यूचे कारण कुटुंबाने मुद्दाम सांगण्यास सांगितले नसेल तर लिहू नये. मजकूर छापण्यापूर्वी घरच्यांना वाचून दाखवावा. येथे एका गोष्टीकडे मी आवर्जून लक्ष वेधते: मृत्यूची नोंद ही बहुधा त्या माणसाची वार्तापत्रातील एकमेव नोंद असते, कारण हयात असताना त्याने कधी कळवलेले नसते. म्हणून तिच्यात तो कोणते काम करत होता, कोठे राहत होता आणि विभागात असताना कशासाठी ओळखला जात होता, एवढे तरी वर्गमित्रांकडून मिळवून लिहावे. जी माहिती जिवंतपणी एका फॉर्मने मिळाली असती, ती मिळवायला येथे चार फोन लागतात आणि ते करावेत.

संमतीविषयी पूर्वी आम्ही फारसा विचार करत नव्हतो, आता करावा लागतो आणि ते योग्यच आहे. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. माहिती कोणत्या कामासाठी घेतो ते स्पष्ट सांगून संमती घ्यावी आणि ती मागे घेण्याची सोय द्यावी, हा त्याचा गाभा. फॉर्मवर तीन वेगळ्या चौकटी ठेवाव्यात: विभागाच्या नोंदीत ठेवण्यास संमती, छापील अंकात देण्यास संमती, आणि संकेतस्थळावर देण्यास संमती. पहिल्या दोन्हींना हो आणि तिसऱ्याला नाही म्हणणारे बरेच निघतात, कारण संकेतस्थळावरील पीडीएफ कुणालाही शोधता येते. फोन क्रमांक, ईमेल, घरचा पत्ता आणि जन्मतारीख छापण्याची गरज नसते. गाव किंवा शहर पुरते. संपर्क साधायचा असेल त्याने आपल्याला कळवावे, आपण समोरच्याला विचारून क्रमांक द्यावा.

या यादीवर इतरांचाही डोळा असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम २०१६ प्रमाणे विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य निवडून जातात आणि त्या निवडणुकीच्या आसपास कुणीतरी ओळखीचे गृहस्थ 'फक्त नंबर हवेत' म्हणून विभागात येतात. त्याखेरीज विमा विकणारे, शिकवणी वर्ग चालवणारे आणि घरबांधणी व्यावसायिकही येतात. वार्तापत्रासाठी दिलेली माहिती वार्तापत्रासाठीच वापरली जाईल, असे विभागप्रमुखांच्या सहीने पहिल्या अंकातच छापावे. मग नकार देताना तो आपला वैयक्तिक नकार राहत नाही.

पहिला अंक काढण्यासाठी सगळ्या तुकड्या पूर्ण होण्याची वाट पाहू नये. आलेल्या नोंदी छापाव्यात आणि ज्या वर्षांच्या नोंदी आल्या नाहीत त्या वर्षांचे शीर्षक छापून खाली 'या तुकडीची नोंद अद्याप मिळालेली नाही' असे लिहावे. 'प्रतिसाद द्या' असे दहा वेळा विनवण्यापेक्षा हे रिकामे शीर्षक अधिक काम करते, कारण शेजारच्या तुकडीच्या नोंदी भरलेल्या आणि आपल्या वर्षाची जागा मोकळी, हे कुणालाच बघवत नाही. दुसऱ्या अंकाची तारीख पहिल्या अंकातच जाहीर करावी आणि ती पाळावी. वर्षातून दोन अंक एका माणसाला झेपतात, त्याहून अधिक झेपत नाहीत.

आता देणगीचे आवाहन. ते पहिल्या अंकात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक वर्षांनी विभागाकडून पहिल्यांदाच आलेल्या विचारपुशीच्या शेवटी बँक खात्याचा क्रमांक दिसला, तर आधीची सगळी विचारपूस त्यासाठीच होती असा समज होतो आणि ज्यांची ऐपत नाही ते पुढच्या वेळी कळवायलाही कचरतात. आवाहन करायचेच असेल तर दुसऱ्या अंकानंतर, वेगळ्या पत्राने, ठरावीक कामासाठी करावे: अमुक उपकरणाची दुरुस्ती, अमुक वसतिगृहातील मुलांचे जेवण, अमुक शिष्यवृत्ती. पैसे नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघाच्या किंवा विद्यापीठाच्या अधिकृत खात्यातच घ्यावेत, कुणा एकाच्या यूपीआयवर कधीही नाही, आणि पावती प्रत्येकाला द्यावी. देणगीदारांची नावे वार्तापत्रात द्यायची झाल्यास रकमेशिवाय आणि प्रवेशाच्या वर्षानुसार द्यावीत. मोठी रक्कम देणाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत छापण्याची सूचना संघाच्या बैठकीत येईलच. तेव्हा प्रवेशाच्या वर्षानुसार क्रम लावण्याचा वार्तापत्राचा नियम सर्वांना लागू आहे, एवढे सांगून पुढचा विषय घ्यावा.